दंडाची पट्टी

मंगळवारी चिक्कोडीला मीटिंग झाली.
मॅडम म्हणाल्या, पोरांचं करता तसं स्वतःचंही बघा,
दीर्घ श्वास घ्या, वेळेवर पाणी प्या.
आम्ही ऐंशी जणींनी माना हलवल्या.
मग सहीसाठी रांग लागली,
आणि निपाणीची बस गाठायला पळताना
जो श्वास लागला
तो काही दीर्घ नव्हता.

आमच्या गल्लीत दिवस उजाडतो तोच तंबाखूच्या वासात.
पोरांच्या केसांना तो, डब्यांच्या झाकणांना तो.
मला येत नाही आता.
पाहुणी नाकाला पदर लावते, तेव्हा आठवतो.
शालनच्या मांडीवर सूप असतं,
सुपात पानं, जर्दा, दोऱ्याची रिळं.
हजार विड्या होईतो सूप खाली ठेवायचं नाही.
म्हणून दुर्वाला ठाऊक असलेली मांडी माझी,
आणि ती एकवीस पोरांत वाटलेली.

रजिस्टर कानडीतलं.
मी मराठी शाळेतली, अक्षरं लिहीत नाही, चितारते.
गौरव्वा कढईपाशी बसून सांगते,
'बाई, त्याला वर शेपटी काढायची राहिली.'
शालनशी बोलायचं झालं की
ती माझी मराठी उसनी नेते,
परत करताना थोडी मोडून देते.
आमचं चाललंय असं.

गुरुवार, अंड्यांचा दिवस.
तीन महिन्यांचं मानधन थकलेलं,
रात्रभर सासूबाईंचा खोकला,
आणि मोबाईलवर फोटो चढेना, गोल नुसता फिरतोय.
तेवढ्यात बसूनं ताट उपडं केलं.
ओरडले मी.
बेंचवरची चिमणीही उडाली, इतकी.

बसू रडला नाही.
रडला असता तर जवळ घेता आलं असतं.
तो उठला, वजनकाट्यामागं गेला,
आणि दंड मोजायची पट्टी घेऊन आला,
लाल, पिवळी, हिरवी,
महिन्यातून एकदा मी त्याच्या दंडाला लावते ती.
माझी बाही वर सारली.
पट्टी गुंडाळली.
टोक काही खाचेपर्यंत पोचेना.
पोचणार कशी, ती पाच वर्षांच्या आतल्या दंडांसाठी.
त्यानं डोळे बारीक केले, अगदी माझ्यासारखे,
आणि निकाल दिला:
'केंपु.'
लाल.
मग खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं,
'कुंदरु, बाई.'
आणि सांडलेल्यातलंच अर्धं अंडं, फुंकर मारून,
माझ्या हातावर.

बसले.
गौरव्वानं काही न विचारता डाव घेतला.
किती वेळ बसले, लिहून ठेवलं नाही.
तवंदी घाटातून उतरणाऱ्या ट्रकांचा आवाज
रोज असतो म्हणे, मी तो त्या दिवशी ऐकला.
अंड्याला मीठ नव्हतं.
संपवलं.

शालन न्यायला आली, दारातच थबकली.
'बरं न्हाई व्हय?'
'बरं हाय. बसलीया.'
तिला ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं,
पण तीही टेकली उंबऱ्यावर,
पाय पसरून, घोट्यांवरचा जर्दा झटकत.
सूप घरी होतं.
दुर्वानं आधी लांबूनच ती रिकामी मांडी बघितली.
मग एक बोट लावून पाहिलं.
मग बसली,
हळूच, उठवतील म्हणून अर्धीच.
शालननं तिला आत ओढलं.
तिघी-चौघी होतो, कुणी बोललं नाही.
कढई घासायचा आवाज तेवढा.

उद्या ओरडणार नाही
असं मी म्हणत नाही.
मानधन आलेलं नाही, खोकलाही तसाच आहे.
पट्टी मात्र आता खालच्या खिळ्याला अडकवते,
बसूचा हात पोचेल
इतक्या खाली.